वास्तववादी व्हा, म्हणजे नक्की काय व्हा?

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत यंदा एका तरुण सभासदाने एक विषय काढला. पुढच्या लिफ्टशेजारी एक पाटी आहे: घरकामाला येणाऱ्या बायका, पेपर टाकणारी मुलं, पार्सल आणणारे यांनी मागची सामानाची लिफ्ट वापरावी. ती पाटी काढावी, एवढंच त्याचं म्हणणं. पंधरा-वीस मिनिटं चर्चा झाली. स्वच्छता आली, सुरक्षा आली, सकाळची गर्दी आली, कुणाच्या तरी कुत्र्याचाही विषय येऊन गेला. शेवटी एक ज्येष्ठ सभासद उठले. निवृत्त, वाचन असलेले, स्वभावाने सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, "तत्त्व म्हणून तुमचं बरोबरच आहे हो. पण आपण वास्तववादी व्हायला हवं. पहिल्यापासून हे असंच चालत आलंय. लोकांची मानसिकता काही रातोरात बदलत नाही." विषय संपला. बटाटेवडे आले.

मी कॉलेजात बरीच वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे पाटीइतकाच मला तो शब्दही टोचला. त्यांना म्हणायचं होतं 'व्यवहारी व्हा'. मराठीत हा शब्द जुना आहे आणि प्रामाणिकही आहे. व्यवहार म्हणजे देवाणघेवाण, तडजोड, थोडं झुकणं. व्यवहारी माणसाला आपण सत्यशोधक समजत नाही आणि तोही तसा दावा करत नाही. 'वास्तववादी' म्हटलं की मात्र तडजोडीला प्रयोगशाळेचा पांढरा कोट चढतो. समोरचा स्वप्नाळू ठरतो आणि आपण डोळे उघडे असलेले. वाद न घालता वाद जिंकायची ही चांगली सोय आहे.

तसा हा शब्द ज्या ज्या विद्याशाखेत नांदतो तिथे तिथे त्याचं घराणं निराळं. चित्रकलेतला वास्तववादी, कायद्यातला वास्तववादी, परराष्ट्र धोरणातला वास्तववादी आणि पदार्थविज्ञानातला वास्तववादी यांना एका खोलीत बसवलं तर त्यांना एकमेकांचं बोलणं कळणार नाही. प्रत्येकाचा प्रतिपक्ष वेगळा आहे, म्हणून प्रत्येकाचं 'वास्तव'ही वेगळं आहे. मध्ययुगीन युरोपात तर वास्तववादी म्हणवून घेणाऱ्यांचं मत आजच्या कानाला अगदी उलटं वाटेल: डोळ्यांपुढची ही गाय, ती गाय, यांच्यापलीकडे 'गायपण' नावाचं काहीतरी खरोखर अस्तित्वात आहे असं ते मानत.

चित्रकलेचं उदाहरण घ्या, कारण तिथे या शब्दाची चक्क पाटी लागली होती. १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात गुस्ताव्ह कुर्बेची काही मोठी चित्रं नाकारली गेली. त्याने प्रदर्शनाजवळ स्वतःचा मांडव घातला आणि त्यावर लिहिलं: वास्तववाद. त्याच्यावर लोकांचा राग होता तो चित्रं हुबेहूब आहेत म्हणून नव्हे. हुबेहूब तर त्याचे विरोधकही काढत. राग होता आकाराचा. ओर्नां या आपल्या गावातली एक साधी अंत्ययात्रा त्याने तीन मीटरहून उंच आणि साडेसहा मीटर रुंद कॅनव्हासवर रंगवली होती. एवढी जागा राजे, संत आणि लढाया यांच्यासाठी राखीव असे. गावकऱ्यांना मागच्या लिफ्टने न आणता त्याने पुढच्या लिफ्टने आणलं, म्हणून आरडाओरड.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपण एखाद्या गोष्टीला वास्तव म्हणतो तेव्हा ती आपल्या मानण्या-न मानण्यावर अवलंबून नाही, असं आपल्याला सुचवायचं असतं. काही गोष्टी तशा आहेतच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला व्हिएन्नात अर्न्स्ट माख हा मोठा शास्त्रज्ञ अणूंवर विश्वास ठेवायला तयार नव्हता. कुणी अणूचं नाव काढलं की "पाहिलाय का एखादा?" असं तो विचारत असे म्हणतात. लुडविग बोल्ट्झमन आयुष्यभर अणूंची बाजू लढवत राहिला आणि १९०६ साली त्याने आत्महत्या केली. त्याच्या आदल्या वर्षी आइन्स्टाइनने पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या थरथरीवरून अणूंचा हिशेब मांडला होता. पुढे जाँ पेरँने तो हिशेब प्रयोगाने पक्का केला आणि १९२६चं नोबेल मिळवलं. या सगळ्या काळात अणूंना माखच्या मताशी काही देणंघेणं नव्हतं. तो मानत नव्हता तेव्हाही ते होते.

आता दुसरी वस्तू. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री आठ वाजता माझ्या पाकिटात पाचशेच्या तीन नोटा होत्या. मध्यरात्रीनंतरही त्या तिथेच होत्या. कागद तोच, शाई तीच, गांधीजींचं चित्र तेच. त्यातला एकही अणू हलला नव्हता, पण पैसे संपले होते. नोट हीसुद्धा वास्तवच आहे, नाहीतर पुढच्या दिवसांत बँकांपुढे त्या रांगा लागल्या नसत्या. पण हे वास्तव आपल्या सगळ्यांच्या मानण्यावर आणि त्या मानण्यामागे उभ्या असलेल्या सत्तेवर तोललेलं आहे. अणू आणि नोट यांना एकच 'वास्तव' हा शब्द लावतो तिथेच घोटाळ्याला सुरुवात होते. नोटेबद्दल बोलताना माणूस अणूचा भारदस्तपणा उसना घेतो. "हे असंच असतं" हे वाक्य गुरुत्वाकर्षणाबद्दल खरं आहे म्हणून लिफ्टच्या पाटीबद्दलही खरं वाटायला लागतं.

हा घोटाळा काही पाश्चात्त्यांनी आपल्याकडे आणला, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. आपल्या दर्शनशास्त्रांत तो फार जुना आहे, आणि गंमत म्हणजे तो एका शब्दातच दडलेला आहे. अनेक गायींना 'गाय' म्हणायला लावणारं जे समान तत्त्व, म्हणजे गोत्व, त्याला न्याय-वैशेषिकांनी सामान्य किंवा 'जाति' असं नाव दिलं. ही जाति नित्य आहे, खरी आहे, व्यक्ती येतात-जातात पण ती राहते, असं त्यांचं म्हणणं. बौद्ध तार्किकांनी, म्हणजे दिङ्नाग, धर्मकीर्ती यांनी, हे नाकारलं. त्यांच्या मते जगात फक्त एकेक वस्तू असते. 'गाय' हा गट आपलं मन पाडतं, जे गाय नाही ते वगळून. वर्गात हा वाद शिकवताना मुलं जांभया द्यायची. काय फरक पडतो, सर? गोत्व असो नसो, दूध येतंय ना!

फरक पडतो तो गोत्वावरून ब्राह्मणत्वावर आलं की. सातव्या शतकाच्या आसपास होऊन गेलेल्या कुमारिल भट्टाने नेमकं हे पाऊल उचललं. जाति खऱ्या असतात, एवढ्यावर तो थांबला नाही. ब्राह्मणत्व हीसुद्धा तशीच एक जाति आहे आणि ती कळते, असं त्याने मांडलं. कशी कळते? सोनं रंगावरून ओळखू येतं, तूप वासावरून आणि चवीवरून, तसं ब्राह्मणत्व जन्मावरून. आईबाप कोण हे माहीत असलं की पुरे. इथपर्यंत युक्तिवाद चिरेबंद वाटतो. पण त्याच ठिकाणी कुमारिल आणखी एक पुस्ती जोडतो: कुठे कुठे ते आचारावरूनही ओळखता येतं, मात्र तो आचार राजाने नीट सांभाळलेला असला पाहिजे.

ही पुस्ती मला सगळ्या युक्तिवादाहून मोलाची वाटते. सोन्याचा पिवळेपणा टिकवायला राजा लागत नाही. तुपाचा वास राहावा म्हणून कुणी शिपाई नेमत नाही. ज्याच्या ओळखीसाठी राजाचा पहारा लागतो ते सोन्याच्या रांगेत बसेल कसं? एवढा तीक्ष्ण तार्किक, पण त्याच्याच हातून खरं निसटून गेलं. बौद्ध आणि जैन तार्किकांनी या मांडणीवर पिढ्यान्‌पिढ्या हल्ले केले, ते ग्रंथांत पडून आहेत. मराठीत ही चर्चा आली ती एका अनपेक्षित वाटेने. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई, जन्माने ब्राह्मण आणि तुकोबांच्या शिष्या, यांनी 'वज्रसूची'चा विषय अभंगांत उतरवला. ब्राह्मण म्हणजे नेमकं कोण? जीव, देह, जाती, ज्ञान, कर्म की दानधर्म? एकेक उत्तर घ्यायचं, तपासायचं आणि बाजूला ठेवायचं, असा तो ग्रंथ आहे. शूद्र गुरू केला म्हणून जिला घरात छळ सोसावा लागला त्या बाईने हा विषय निवडावा, यात योगायोग काही नाही.

या वादाची खरी परीक्षा कुठल्या पाठशाळेत न होता महाडच्या एका तळ्यावर झाली.

१९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव आणला: सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं आणि प्रत्यक्षात एकही अस्पृश्य माणूस तिथे पाणी भरायला गेला नाही. जाणं शक्यच नव्हतं. इथे कुणी 'वास्तववादी' असता तर म्हणाला असता: ठराव काहीही म्हणो, वास्तव हे आहे. त्या दिवसापुरतं ते म्हणणं खरंही ठरलं असतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या मिरवणुकीने तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले आणि त्यांच्यामागून इतरही प्यायले. त्याच दिवशी मारहाण झाली. मग तळं बाटलं म्हणून सवर्णांनी त्याचं शुद्धीकरण केलं, पंचगव्याचे १०८ घडे ओतून.

हे १०८ घडे मला फार महत्त्वाचे वाटतात. एरवी त्या तळ्यावर गुरं पाणी पीत, मुसलमान-ख्रिश्चन पाणी भरत, आणि तळं शुद्धच असे. पण जी व्यवस्था निसर्गासारखी स्वयंभू असल्याचा दावा होता ती एका दुपारच्या पाणी पिण्याने अशी खिळखिळी झाली की तिला घडे मोजून ओतावे लागले. वर पाणी पडलं म्हणून डोंगराचं शुद्धीकरण कुणी करत नाही. गुरुत्वाकर्षण ढळू नये म्हणून मंत्र म्हणत नाही. सांभाळावं लागतं ते फक्त नोटेच्या जातीचं वास्तव, आणि सांभाळणाऱ्यांना हे नेहमीच कळत असतं. "हे असंच असतं" म्हणणारे आतून किती धास्तावलेले असतात ते त्या घड्यांवरून मोजता येतं.

पुढे १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी भाषण लिहिलं. ते मंडळाला झेपलं नाही, अधिवेशनच रद्द झालं आणि भाषण पुस्तकरूपाने आलं. त्यात ते म्हणतात की जात ही विटांची भिंत किंवा काटेरी तारेचं कुंपण नाही, ती एक धारणा आहे, मनाची अवस्था आहे. हे वाक्य पुष्कळदा अर्धवट उद्धृत होतं, जणू काही 'मनातच आहे, काढून टाका झालं' असा दिलासा त्यात आहे. त्यांचं म्हणणं त्याच्या उलट टोकाला जातं. भिंत असती तर पाडली असती. धारणेच्या पाठीशी धर्मग्रंथांचं पावित्र्य आहे, म्हणून ती भिंतीहून अवघड. तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत बोलायचं तर जात ही 'वस्तू' आहे असं मानायला त्यांनी नकार दिला आणि जातीचे परिणाम मात्र एखाद्या कठोर वास्तववाद्यासारखे मोजले. मला विचाराल तर विसाव्या शतकात या देशात वास्तववाद या शब्दाला शोभेल असं इतकं काटेकोर काम क्वचितच झालं असेल.

महाडचा ठराव आणि महाडचं तळं यांच्यातली ही दरी कायद्याच्या अभ्यासकांना अनोळखी नव्हती. १९१० साली रॉस्को पाउंड या अमेरिकन कायदेपंडिताने पुस्तकातला कायदा आणि चालतीतला कायदा असा भेद मांडला होता. त्याआधी १८९७ साली ऑलिव्हर वेंडेल होम्स या न्यायाधीशाने बोस्टनच्या विद्यार्थ्यांना सांगितलं की कायदा म्हणजे न्यायालयं प्रत्यक्षात काय करतील याचं भाकीत, बाकीचा डामडौल सोडा. कायदा समजून घ्यायचा असेल तर एखाद्या बदमाशाच्या नजरेने त्याच्याकडे बघा, कारण त्याला फक्त शिक्षा होईल की नाही एवढंच हवं असतं. यातून पुढे अमेरिकेत कायद्यातल्या वास्तववादाची अख्खी चळवळ उभी राहिली. न्यायाधीश सूत्रं लावून निकाल काढतात हा भ्रम तिने फोडला. निकालात न्यायाधीशाचा वर्ग, स्वभाव आणि पूर्वग्रह उतरतो हे तिने दाखवलं. उत्तम काम होतं. आपल्याकडे तसं आणखी व्हायला हवं.

पण याच होम्सची दुसरी गोष्ट आहे, आणि तीही १९२७चीच. महाडच्या मिरवणुकीनंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, २ मे रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्याने एक निकाल लिहिला. व्हर्जिनिया राज्यातल्या कॅरी बक नावाच्या तरुणीला 'मतिमंद' ठरवून सक्तीने निर्बीज करायचं होतं. तिची आई मतिमंद, ती मतिमंद, तिची तान्ही मुलगीही तशीच, असं राज्याचं म्हणणं. होम्सने आठ विरुद्ध एक मताने ते मान्य केलं आणि लिहिलं की मूर्खांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. कॅरीवर शस्त्रक्रिया झाली. तिची ती 'मतिमंद' मुलगी पुढे शाळेत गेली आणि एका सत्रात हुशार मुलांच्या यादीत आली. आठव्या वर्षी ती आजारपणात गेली.

कायद्यातली प्रत्येक कल्पित गोष्ट संशयाने पाहणारा हा माणूस 'मतिमंदांचा वंश' ही कल्पित गोष्ट मात्र अणूसारखी गिळून बसला, कारण त्याच्या काळातल्या सगळ्या शहाण्यांनी ती विज्ञान म्हणून स्वीकारली होती. कुमारिलाचं ब्राह्मणत्व आणि होम्सचं मतिमंदत्व यांत फारसं अंतर नाही. दोन्ही 'जन्मावरून कळतात'. भ्रम फोडणारा माणूस स्वतःच्या काळाच्या भ्रमातून आपोआप सुटत नाही, आणि वास्तववादाचं बिरुद लावलेला तर कमीच सुटतो. त्याला वाटतं, आपण तपासलेलंच आहे.

परराष्ट्र धोरणातल्या वास्तववादाची जाहिरात सगळ्यांत जोरात होते. टीव्हीवरच्या चर्चेत निदान एक तरी निवृत्त अधिकारी सांगतोच की जगात नैतिकता वगैरे काही नसतं, शक्ती असते. याचं मूळ म्हणून थुसिडिडीज या प्राचीन ग्रीक इतिहासकाराचा दाखला दिला जातो. इसवी सनपूर्व ४१६ साली बलाढ्य अथेन्सने मेलोस या छोट्या बेटाला शरण यायला सांगितलं. न्यायाची भाषा बरोबरीच्यांत चालते, बलवान आपल्याला जमेल ते करतात आणि दुबळे सोसतात, असं अथेन्सच्या दूतांनी बजावलं. मेलोस शरण गेलं नाही. शेवटी तिथल्या पुरुषांना मारलं, बायकामुलांना गुलाम केलं. उद्धृत करणारे सहसा इथेच थांबतात. थुसिडिडीज मात्र थांबत नाही. त्याच्या इतिहासात यानंतर लगेच अथेन्सची सिसिलीवरची स्वारी येते, आणि तीत तो अवाढव्य आरमारी ताफा धुळीला मिळतो. पुढे ४०५ साली उरलेलं आरमार बुडाल्याची बातमी आली त्या रात्री अथेन्समध्ये कुणी झोपलं नाही, असं झेनोफोन लिहितो. आपण मेलोसचं जे केलं तेच आता आपलं होणार, ही भीती होती. दूतांचं बोलणं आणि इतिहासकाराचं म्हणणं या दोन गोष्टी आहेत. दूतांना वाटत होतं की ते वास्तव सांगताहेत. त्यांना स्वतःच्या ताकदीची मर्यादाच दिसत नव्हती.

या शाखेतले खरे अभ्यासक हे विसरलेले नाहीत. हान्स मॉर्गेनथाऊ हा विसाव्या शतकातला तिचा मोठा आचार्य. तो व्हिएतनाम युद्धाचा कडवा विरोधक होता. सप्टेंबर २००२मध्ये अमेरिकेतल्या ३३ अभ्यासकांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पैसे देऊन जाहिरात छापली की इराकवरचं युद्ध अमेरिकेच्या हिताचं नाही. त्यांत जॉन मिअरशायमर, स्टीफन वॉल्ट, केनेथ वॉल्ट्झ ही वास्तववादातली आघाडीची नावं होती. युद्ध हवं होतं ते लोकशाही निर्यात करायला निघालेल्या आदर्शवाद्यांना. म्हणजे अभ्यासातला वास्तववाद बलवानाला त्याच्या मर्यादा सांगत होता. आपल्या सभांमध्ये, बैठकीच्या खोल्यांत, लग्नाच्या बोलण्यांत हाच शब्द दुबळ्याला त्याची पायरी दाखवायला वापरतात. मालकाला कुणी "वास्तववादी व्हा, पगार वाढवा, नाहीतर माणसं टिकणार नाहीत" असं म्हणताना मी ऐकलेलं नाही. "वास्तववादी हो" हे नेहमी पगार मागणाऱ्याला सांगतात.

अर्थात या वास्तववाद्यांनाही नोटेच्या जातीचं वास्तव पुष्कळदा दिसत नाही. १९८९च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत, तीही खरीखुरी काँक्रीटची, एका संध्याकाळी निरर्थक झाली, आणि सत्तासमतोलाची गणितं मांडणाऱ्यांना ती येताना दिसली नव्हती. भिंतीत त्या संध्याकाळी काही बिघाड झालेला नव्हता.

पदार्थविज्ञानाबद्दल थोडक्यात, कारण तिथे माझा अधिकार नाही आणि इथे लोक फार लवकर वाहवतात. जुलै १९३०मध्ये बर्लिनजवळच्या कापुटला आइन्स्टाइन आणि रवींद्रनाथ भेटले. सत्य माणसावर अवलंबून नाही असं आइन्स्टाइन म्हणत राहिला, सत्य मानवी जाणिवेपासून तोडता येत नाही असं रवींद्रनाथ. मोजण्याआधी कणाला आपले ठाम गुणधर्म असतात का, हा प्रश्न पुढे १९६४ साली जॉन बेलने प्रयोगाच्या टप्प्यात आणला आणि तसे प्रयोग करणाऱ्या तिघांना २०२२चं नोबेल मिळालं. आइन्स्टाइनला हवं होतं तसं वास्तव, म्हणजे गुणधर्म आधीपासून ठरलेले आणि दूरचा परिणाम तत्क्षणी नाही, निसर्गाने दिलं नाही. यावरून 'सगळं मनाचे खेळ' असं प्रवचन झोडणाऱ्यांना मात्र एक विचारावं: प्रयोगाचा निकाल कुणाच्या मनासारखा लागला? ज्यांना तो वेगळा हवा होता त्यांनाही तो तसाच मिळाला. वास्तवाचा हट्टीपणा तिथे शाबूत आहे, फक्त त्याचा आकार आपल्या सवयीचा नाही.

आणि साहित्य. मराठीत वास्तववादाचा आरंभ ह. ना. आपट्यांपासून धरतात, 'पण लक्षात कोण घेतो'पासून, आणि ते योग्यच आहे. त्याआधीच्या अद्भुत राजकन्यांच्या कादंबऱ्या बाजूला सारून एका मध्यमवर्गीय विधवेच्या तोंडून घरातलं जग उभं करणं हे त्या काळी कुर्बेच्या कॅनव्हासइतकंच धीट होतं. पण कॅनव्हास त्या घरापर्यंतच पोचला. पुढे कलेसाठी कला की जीवनासाठी कला असा फडके-खांडेकरांचा प्रसिद्ध वाद झाला. त्यात 'जीवन' कुणाचं, हे कुणी फारसं विचारलं नाही. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा शिकलेल्या मराठी वाचकाला आपल्याच भाषेतले, आपल्याच मुंबईतले शब्द अडू लागले. तोवर वास्तव म्हणून जे छापलं जात होतं तो शहराचा एक वॉर्ड होता.

यानंतर मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. दलित आत्मकथनांना मराठी समीक्षेने दाद दिली ती "किती दाहक वास्तव!" अशी. या कौतुकात एक पायरी आहे, आणि ती मागच्या लिफ्टकडे उतरते. मध्यमवर्गीय लेखक लिहितो ती कलाकृती, तिच्या शैलीची, रचनेची, भाषेची चर्चा होते. दलित लेखक लिहितो तो दस्तऐवज. जणू त्याने निवड केलीच नाही, वाक्यं तोललीच नाहीत, फक्त नळ सोडला आणि वास्तव वाहून आलं. वास्तववादी म्हणून गौरवणं हीही एखाद्याला जागेवर ठेवायची रीत असू शकते.

आता त्या सज्जन गृहस्थांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायलाच हवी. नोटेच्या जातीचं वास्तव मानण्यावर उभं असलं तरी एकट्याच्या मानण्यावर नसतं. मी उद्या पाचशेची नोट मानायचं सोडलं तर माझाच तोटा. मी एकट्याने पाटी मानली नाही तर आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना वॉचमन अडवणार, मला नव्हे. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघून वागतो, आणि म्हणून असं वास्तव दगडाहून चिवट होऊन बसतं. महाडलाही कुणी एकट्याने जाऊन भागलं नसतं. हजारो गेले म्हणून ती घटना झाली, आणि तरीही नगरपालिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. "मानसिकता रातोरात बदलत नाही" यात अनुभव आहे. पण मग तेवढंच म्हणावं. बदल कठीण आहे, आम्हाला त्याचा त्रास घ्यायचा नाही, किंवा आम्हाला तो नकोच आहे, असं. त्यावर निदान भांडता येतं. 'वास्तव' म्हटलं की भांडण आमच्याशी न राहता थेट निसर्गाशी लावून दिलं जातं, आणि निसर्गाशी कोण भांडणार? आणि 'रातोरात' म्हणाल, तर पाचशेच्या नोटेबद्दलची आपली सगळ्यांची मानसिकता एका रात्रीत बदललीच होती. तिथे सत्तेला ती बदलायची होती. आमच्या सोसायटीत सत्ता म्हणजे सभेतलं साधं बहुमत, आणि ते त्या दिवशी खोलीत बसून वडे खात होतं.

चवदार तळ्याचा दावा दहा वर्षं चालला. अस्पृश्यांनी तळ्यावर येऊ नये ही आमची अनादि काळापासूनची रूढी आहे, असं सवर्ण वादींचं म्हणणं होतं. न्यायालयात अशी रूढी नुसती सांगून भागत नाही, ती अनादि असल्याचा पुरावा लागतो. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचं अपील फेटाळलं: रूढी अनादि असल्याचं सिद्ध झालेलं नाही.

आमची इमारत २००९ची आहे.